कमी आकड्याचं गाव

देशभरातल्या गुन्ह्यांचा अहवाल बाहेर पडला की सगळ्यात आधी माझ्या दादाचा फोटो येतो. त्याचा स्वतःचा नव्हे. पेपरच्या पहिल्या पानाचा, लाल पेनाने गोल केलेला. खाली एकच ओळ असते, "बघ तुझा महाराष्ट्र." म्हणजे हा जसा काही गुजरातेत राहतो! अकोल्याच्या पुढं आमचं तालुक्याचं गाव, ते महाराष्ट्रात नाही तर काय लंकेत आहे? पण दादाच्या हिशेबी महाराष्ट्र म्हणजे मुंबई, मुंबई म्हणजे मी, आणि त्या लाल गोलातल्या प्रत्येक गुन्ह्याला जबाबदारही मीच.

आता माझं पोट त्याच आकड्यांवर चालतं हे खरं. अंधेरीच्या एका छोट्या संस्थेत मी तक्ते करते. राज्याचा आकडा एका रकान्यात, शेजारी देशाचा, खाली मागच्या वर्षांचा चढउतार. पेपरवाले, प्राध्यापक, निवडणुकीच्या आधी एखादा पुढारी, असे लोक ते तक्ते नेतात आणि त्यातून आपल्याला हवं तेवढंच उचलतात. मी मात्र इतकी वर्षं घसा कोरडा करून एकच गोष्ट सांगत आलेय. गुन्हे किती झाले हे तक्ता सांगतच नाही. किती जण पोलिसांत गेले आणि पोलिसांनी त्यातलं किती लिहून घेतलं, एवढंच तो सांगतो.

"दादा, मोठ्या खटल्याच्या घरात भाकरी जास्त लागतात, म्हणून ते घर खादाड होतं का?" मी फोनवर ओरडायचे. "लोकसंख्येच्या मानाने बघ. दर लाख माणसांमागे किती ते बघ. आणि इथल्या पोरी तक्रार करतात रे, म्हणून आकडा फुगतो. तुझ्याकडे कोणी तोंडच उघडत नाही."

दादा हायस्कूलचा मुख्याध्यापक. बोलताना मराठी अगदी पुस्तकातली, पण चिडला की वऱ्हाडी बाहेर पडते. "तू काय बोलून राहिली, तुले तरी समजते काय? आपल्या जिल्ह्याचा आकडा पाह्य. किती कमी आहे! पोरीबाळी सुखानं फिरून राहिल्या इथं."

हा वाद दरवर्षीचा. आम्हाला त्याची सवय झाली होती, गंमतही वाटायची. पण त्याची पोरगी, माझी भाची, इंजिनिअर झाली, तिला पवईत नोकरी लागली आणि ती मुलुंडला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा गंमत संपली. दादाने तिला पाठवलं ते एका अटीवर. "एक जरी भानगड झाली, तर पोरगी दुसऱ्या दिवशी घरी. आणि तू माझ्यापासून काही लपवायचं नाही." मी शब्द दिला. भाचीनेही दिला. पोरगी इतकी खूश होती की तिने कशावरही सही केली असती.

आमच्या घरात एक रीत आहे. पौर्णिमेला सगळे जिथं असतील तिथून व्हिडिओ कॉलवर येतात आणि आम्ही एकत्र त्रिशरण-पंचशील म्हणतो. दादा पुढं म्हणतो, मागून वहिनी, मी, भाची. पूर्वी हे विहारात व्हायचं, आता फोनवर होतं, एवढाच फरक. पाच शीलांतलं चौथं खोटं न बोलण्याचं. दादा ते जरा दाबूनच म्हणतो, मुख्याध्यापक ना!

मग एका पौर्णिमेला चौथ्या शीलाला माझ्या शेजारी बसलेली भाची गप्प झाली. ओठ मिटलेले. पाचव्याला परत सुरू झाली. फोनमधल्या गोंधळात दादाला कळलं नाही, पण मला कळलं. कॉल संपल्यावर विचारलं तर म्हणाली, घसा बसलाय.

मी म्हटलं, बसला असेल. आलं घालून चहा करून दिला.

पण मग एकेक दिसायला लागलं. ती एक स्टॉप आधीच बसमधून उतरायची आणि मागच्या गल्लीतून यायची. फोन कायम उलटा ठेवलेला. आवडीचा निळा ड्रेस कपाटात मागं ढकललेला. आणि एका संध्याकाळी मी कामावरून आले तर आमचा वॉचमन हसत पुढं आला. "मॅडम, तुमचे होणारे जावई येऊन गेले. फ्लॅट नंबर विचारत होते. चांगला माणूस आहे, मला चहा पाजला."

जिना कसा चढले मला आठवत नाही.

भाची स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. मी विचारलं, "तुझं लग्न ठरलंय का गं?" तिने वर बघितलं आणि तिच्या हातातली मेथी तशीच राहिली. काही सांगायच्या आधीच ती रडायला लागली. असलं रडणं मी तिचं लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं. आवाजच नाही.

तो कोण, कुठला, तिला काही माहीत नव्हतं. पवईच्या बसस्टॉपवर दिसायला लागला. मग त्याच बसमध्ये चढायला लागला. मग मेसेज. आज निळा ड्रेस छान होता. आज उशीर का झाला. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून. तिची शिफ्ट बदलली तर दुसऱ्या दिवशी तो नव्या वेळेला हजर. हात लावला नाही, शिवी दिली नाही. फक्त सगळीकडे होता.

"उद्या पोलिसांत जायचं," मी म्हटलं.

"नाही आत्या!" तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "तक्रार केली की बाबांना कळणार. बाबा दुसऱ्या दिवशी मला घेऊन जाणार. तुझ्या तक्त्यात एक आकडा वाढेल, आणि माझं? माझी तर वाटच लागेल ना."

आयुष्यभर मी ज्यांना म्हणत आले की बायांनो, नोंदवा, नाही नोंदवलं तर तुम्ही नाहीतच, त्यातली एक माझ्या ओट्याशी उभी होती. आणि तिचं म्हणणं चूक नव्हतं. दादाचा लाल पेन मला डोळ्यांपुढं दिसत होता. हीच नोंद पुढच्या वर्षी त्या गोलात जाणार आणि तो म्हणणार, बघ. पण नोंदवलं नाही तर? मी म्हटलं, थोडे दिवस मी तुझ्याबरोबर येते. हा काही तोडगा नव्हता, मलाही कळत होतं. नुसती भीती होती, तिची आणि माझी.

ते दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. सकाळी तिला पवईला सोडायचं, तिथून अंधेरीला जायचं, संध्याकाळी परत पवई. ऑफिसात साहेब विचारायचे, राज्य आणि देश यांचा तुलनेचा तक्ता झाला का? मी समोर आकडे बघत बसायचे आणि महिलांवरील गुन्ह्यांच्या ओळीवर आले की पुढं सरकताच यायचं नाही. इथं राज्याचा दर देशापेक्षा वर का खाली, यावर मी पूर्वी तासभर बोलले असते. आता वाटायचं, खड्ड्यात गेला तो दर.

वॉचमनला मी असं फैलावर घेतलं की बिचारा हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, त्याने आईशपथ सांगितलं म्हणून." आईशपथ! माणसाचा शर्ट इस्त्रीचा असला की आपल्याकडे त्याला कोणी काही विचारत नाही.

तो इस्त्रीचा शर्ट मी अखेर पाहिला. संध्याकाळची वेळ, पवईच्या स्टॉपवर चिक्कार गर्दी, भाची माझ्या दंडाला धरून. तिने दंड ओढून मला थांबवलं. समोर एक तिशीचा माणूस उभा. भांग पाडलेला, पाठीला ऑफिसची बॅग. शेजारच्या घरातला वाटावा इतका साधा. तो सरळ आमच्याकडे चालत आला, थोडा वाकला आणि हसून म्हणाला, "नमस्कार, आत्या."

आत्या! मी त्याची कोण लागते हे त्याला माहीत होतं. आम्ही घरात एकमेकींना काय हाक मारतो हे त्याला माहीत होतं. मी ओरडायला तोंड उघडलं, तोवर तो शांतपणे गर्दीत निघून गेला. लोक बसकडे बघत होते. कोणालाही काही झालेलं दिसलं नव्हतं.

भाचीने माझ्याकडे पाहिलं. तिचा आवाज स्थिर होता. "चल आत्या. पोलिसांत जाऊ."

"आणि बाबा?"

"येऊ देत. तो तुला आत्या म्हणाला."

पोलीस ठाणं कुठलं ते मी लिहीत नाही, उगाच त्या माणसांना ताप नको. ठाणे अंमलदार पन्नाशीचे, कोकणातले असावेत. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, सगळं ऐकून घेतलं, पाणी मागवलं. माणूस वाईट नव्हता. मग म्हणाले, "मॅडम, कशाला पोरीच्या नावाची शोभा करता? साधा अर्ज द्या. त्याला उचलून आणतो, चांगली समज देतो, सोडतो. परत वाटेला जाणार नाही."

अर्ज म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक. अर्ज फायलीत जातो आणि फाईल कपाटात. तो ना राज्याच्या रकान्यात येत, ना देशाच्या. कागदावर मग असं काही घडलेलंच नसतं.

"अर्ज नको," मी म्हटलं. "गुन्हा लिहा."

"मॅडम, समजून घ्या ना जरा. गुन्हा लिहिला की त्याचा आकडा होतो. मग वरून फोन येतो, तुमच्या हद्दीत बायकांचे गुन्हे का वाढले? उत्तर मी देतो, तुम्ही नाही."

हे वाक्य मी किती सभांमधून माइकवर बोलले आहे! नोंदणी वाढली की अधिकाऱ्याला जाब विचारतात, म्हणून नोंदणी होत नाही. लोक माना डोलवायचे, टाळ्या वाजवायचे. तेच वाक्य आता टेबलापलीकडून, थकलेल्या आवाजात, माझ्या भाचीला सांगितलं जात होतं. माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले आणि कायद्याची कलमं, अहवाल, राज्य, देश, काय काय बडबडले देव जाणे. आवाज इतका चढला की बाकावरचे लोक वळून बघायला लागले. ते गृहस्थ नुसते ऐकत राहिले. माझ्यासारख्या त्यांनी खूप पाहिल्या असणार.

मग भाची बोलली. हळू आवाजात, वर्गात सरांना शंका विचारावी तशी.

"काका, अर्ज दिला आणि तो परत आला, तर मी काय दाखवू?"

अंमलदारांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आतल्या दाराकडे बघून एका महिला अधिकाऱ्याला हाक मारली आणि म्हणाले, "मॅडम, हिची फिर्याद घ्या."

फिर्याद लिहून झाल्यावर त्या बाईंनी ती मोठ्याने वाचून दाखवली. "मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्याद देते की..." पुढं सगळं होतं, स्टॉप, बस, मेसेज, निळा ड्रेस, वॉचमन, आत्या. भाचीने सही केली. माझ्या पाठीवरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं. कसलं काय! आता दादाला फोन करायचा होता.

घरी येऊन केला. "दादा, झाली भानगड," एवढंच म्हणाले आणि सगळं सांगितलं. मी वाट बघत होते तो ओरडेल. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "निघतो."

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा होता. हातात मोठी बॅग. मी ती आत घ्यायला उचलली तर हलकी लागली. उघडून बघायची गरजच नव्हती. पोरीचे कपडे भरायला त्याने रिकामी बॅग आणली होती.

चहा घेतला नाही. बूटही काढले नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "सामान भर बेटा. गाडी संध्याकाळची आहे."

मी मध्ये पडले. म्हटलं, "दादा, तिने काही चूक केलेली नाही. ती उभी राहिली, तिने तक्रार—"

"तू बोलूच नको!" तो फाटकन म्हणाला. "तुझे आकडे घाल चुलीत. पाच वर्षं सांगून राहिलो, ही जागा चांगली नाही. दर लाखामागं म्हणे! माही पोरगी काय लाखामागची आहे? माह्या घरी एकच पोरगी आहे!"

त्याचे डोळे भरले होते. दादाला असं मी फक्त आमची आई गेली तेव्हा पाहिलं होतं. त्या क्षणी मला वाटलं, जाऊ दे, घेऊन जाऊ दे, निदान डोळ्यांसमोर राहील त्याच्या. खरंच वाटलं.

भाची दाराच्या चौकटीत उभी होती. "बाबा, तिकडंही झालं होतं," ती म्हणाली.

दादाला कळलं नाही. "काय झालं होतं?"

"हेच. अकरावीत. मी ट्यूशनला जायची तेव्हा. तो रोज मागं यायचा. एकदा सायकल धरली. आईला सांगितलं. आई म्हणाली, बाबांना सांगू नको, शाळेत त्यांचं नाव आहे. मग मी ट्यूशन सोडली."

मला ती ट्यूशन आठवली. त्या वर्षी दादा प्रत्येक फोनवर सांगायचा, आमची पोरगी घरीच अभ्यास करते, ट्यूशनची गरजच नाही तिला. शाळेत, नातेवाइकांत, विहारात, सगळीकडे त्याने ते मिरवलं होतं. मीसुद्धा इथं ऑफिसात अभिमानाने सांगितलं होतं. आणि तेव्हापासून पौर्णिमेमागून पौर्णिमा वहिनी आणि ही पोरगी चौथं शील आमच्याबरोबर म्हणत आल्या होत्या.

"कोण होता?" दादाने विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

"जाऊ द्या आता."

"कोण होता सांग."

भाचीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "चौकातला पेपरवाला. अजून आहे तो तिथं. तुम्ही रोज त्याच्याचकडून पेपर घेता."

दादा स्वतःच्या बुटांकडे बघत बसला. मग वाकून त्याने नाड्या सोडल्या, बूट काढून दारापाशी ठेवले आणि मला म्हणाला, "चहा टाक."

संध्याकाळची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी तो भाचीबरोबर बसने पवईला गेला, स्टॉपवर उभा राहिला, संध्याकाळी तिला घेऊन आला. असे काही दिवस राहिला. त्या माणसाला पोलिसांनी पकडलं, तो जामिनावर सुटला, केस चालू आहे, तारखा पडतात. स्टॉपवर मात्र परत दिसला नाही. मी अजूनही इस्त्रीचा शर्ट दिसला की दोनदा बघते. भाची आता पूर्वीच्याच स्टॉपला उतरते. दादा गेला तेव्हा रिकामी बॅग रिकामीच घेऊन गेला. गावी जाऊन त्याने पेपर बंद केला, असं वहिनीने सांगितलं. त्या दोघांचं आपसात काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

यंदा अहवाल आला. मी दिवसभर फोन बघत होते. लाल गोलाचा फोटो काही आला नाही. शेवटी मीच संध्याकाळी फोन लावला. इकडचं तिकडचं झालं, पोरीची चौकशी झाली. मग तो थांबला.

"आला ना तुमचा तो अहवाल?"

"आला."

"आपल्या जिल्ह्याचा आकडा काय आहे?"

माझ्यासमोर तक्ता उघडाच होता. मी बोट लावून ओळ शोधली. "कमी आहे दादा. राज्यापेक्षा कमी, देशापेक्षाही कमी."

मी ओळीवरचं बोट उचललं.

"हो," दादा म्हणाला. "कमीच असणार."